पांगल्यावर

ठाण्यात तेव्हा सगळे आम्हाला टरकून असत. आम्हाला म्हणजे माझ्या यजमानांना, ते फौजदार होते. पण त्यांच्यामुळे मलाही. भाजीवाली न मागता मोठी जुडी काढून द्यायची. शेजारणी हळदीकुंकवाला पहिला मान द्यायच्या आणि मी बसले की गप्पा आवरत्या घ्यायच्या. मला ते आवडत नसे असं आता म्हणता येईल, पण ते खोटं होईल. चांगलं आवडायचं.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. माजिवड्याच्या पलीकडे खाडीवर जाणारी वाट एका मिठागरवाल्याने काटेरी तार लावून बंद केली. गावकऱ्यांच्या होड्या तिकडे, जाळी तिकडे. रोज तारेपाशी जमाव जमायचा आणि रोज ह्यांचा बंदोबस्त. चौथ्या दिवशी दुपारी गोळी चालली आणि खांद्यावर जाळं घेऊन चाललेला एक माणूस मेला. वर रिपोर्ट गेला तो असा, की बेकायदा जमाव पांगवताना नाइलाजाने गोळीबार करावा लागला.

मला ह्यांनी वेगळंच सांगितलं. त्याच संध्याकाळी, बुटांच्या नाड्या सोडता सोडता. जमाव केव्हाच पांगला होता, शिपाई ट्रकमध्ये चढले होते. सकाळी कोणीतरी चिखलाचा गोळा मारून ह्यांची टोपी पाडली होती, ती तारेपलीकडेच राहिली म्हणून हे एकटे परत गेले. टोपी काठीवर अडकवून दोघं-तिघं हसत होते. ह्यांनी पिस्तूल काढलं. "मारायचं नव्हतं गं," म्हणाले. "नुसतं ते हसणं थांबवायचं होतं." मेला तो त्या हसणाऱ्यांतलाही नव्हता.

एवढं ऐकल्यावर बायकोने काय करायचं असतं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी पिठलं टाकलं.

त्या दिवसापासून घरात कोणाचा पाय ठरेना. हे ओट्यावरून आत, आतून ओट्यावर. जेवायला बसले की घास हातातच राहायचा. मी डब्यातले तांदूळ काढून निवडायचे, भरायचे, पुन्हा काढायचे. "तेच तांदूळ किती वेळा निवडशील?" हे खेकसायचे. "तेवढंच अंगण किती वेळा मोजाल?" मी उलट खेकसायचे. बोलणं एवढंच.

मेलेल्याची बायको कोर्टात फिर्याद करणार अशी कुणकुण लागली, तेव्हा ह्यांचे वकील घरी आले. मी चहा देत होते. "काही काळजी करू नका," वकील म्हणाले. "जमाव पांगवताना पोलिसाने गोळी चालवली, तर सरकारच्या मंजुरीशिवाय कोर्टाला फिर्याद हातात धरता येत नाही. कायदाच आहे तसा. आणि सरकार मंजुरी देतंय कशाला?"

"आणि जमाव पांगल्यावर चालवली असेल तर?" असं मी विचारलं. हे खाली मान घालून बसले होते.

वकिलांनी कप खाली ठेवला. "मग वहिनी, फौजदार असोत की आणखी कोणी. सरळ खटला."

त्यानंतर आठवड्याने ती बाई माझ्या दारात उभी राहिली. ह्यांची तेव्हा कल्याणला बदली झाली होती, दिवसभर घरी नसत. बाईचं लुगडं गुडघ्यापर्यंत, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, हातात कोरा फुलस्केप.

"फौजदारीनबाय तुमीच ना?" म्हणाली. "माना एक अर्ज लिवून पायजे."

"कसला?"

"तुमच्या घोवावरचा."

मला वाटलं, ही शिव्याशाप द्यायला आली. पण ती पायरीवर बसली आणि शांतपणे सांगू लागली. कोर्टाबाहेर बसून अर्ज लिहिणारे फौजदाराचं नाव काढलं की दौत झाकतात. गावातला मास्तर नेमका आजारी पडला. एक वकील पुढच्या महिन्यात ये म्हणतो, दुसरा तेही म्हणत नाही. "सगली त्याला भितात," ती म्हणाली. "मंग मी बोलले, या ठान्यात त्याला न भिनारा कोन हाय? त्याची बायको."

मला हसू आलं. खरंच होतं ते. इतक्या दिवसांत माझ्याविषयी कोणी बोललेलं तेवढंच एक खरं. मी तिला आत घेतलं, पाट दिला, टाक काढला. त्या घटकेला मी तिच्यासाठी अगदी मनापासून लिहायला बसले होते, हे मी कोणाच्याही पायावर हात ठेवून सांगेन.

ती रडली नाही. तार, होड्या, चार दिवस, सगळं क्रमाने सांगत गेली. मग म्हणाली, "लोकां पांगली. टरक चालू झाला. त्याच्या मंगशी यो टोपी घ्यायला आला." आमच्या घरातलीच हकीकत, तिच्या तोंडून.

मी 'जमाव पां' एवढं लिहिलं आणि टाक थांबला. शाई संपली नव्हती, तरी पुन्हा दौतीत बुडवला. मग लिहिलं, 'पांगवताना'.

"वाचून दावा," ती म्हणाली.

मी पहिल्यापासून वाचलं. कागदावर 'पांगवताना' होतं तिथे 'पांगल्यावर' असं वाचलं. आवाज कापला असं लिहायला मला आवडेल. नाही कापला. ती डोळे मिटून ऐकत होती, त्या शब्दावर तिने मान हलवली. मग मीच तिच्या अंगठ्याला शाई लावली.

फिर्याद पंधरा दिवसांत संपली. त्या दिवशी हे घरी आले ते चार सोबत्यांना घेऊनच. त्यांनी पेढे आणले होते. "सुटलात बुवा," असं जो तो म्हणत होता. मी सगळ्यांना चहा केला. ते गेल्यावर ह्यांनी मला समोर बसायला सांगितलं.

"मॅजिस्ट्रेट साहेबांनी तिला विचारलं. ती म्हणाली, लोक पांगल्यावर गोळी मारली. वकिलांनी तिचाच अर्ज तिच्यापुढे धरला. तर म्हणते, तसाच लिवलाय, माना वाचून दावलाय. साहेबांनी विचारलं, कोणी लिहून दिला?"

"मग?"

"नाव नाही सांगितलं तिने. म्हणाली, लिवनाऱ्या बायचा काय गुना नाय, तिला तरास देऊ नका." हे पुढे म्हणाले. "साहेबांनी सांगितलं, सरकारची मंजुरी घेऊन ये. ती तिथेच उभी राहिली. शिपायाने बाहेर नेली."

मी पेढ्यांचा पुडा उगाचच बांधू लागले.

"कागद वकिलांच्या हातात होता, मी शेजारीच होतो," हे म्हणाले. "तुझं अक्षर दिसलं. आणि खरं सांगतो, मला इतकं हलकं वाटलं. म्हटलं, हिने लिहिलंय म्हणजे खरं असणार. आता खटला चालेल, काय व्हायचं ते होईल, पण हे येरझारा घालणं संपेल. मग पुढची ओळ वाचली."

"तुमच्यासाठी केलं मी," मी म्हटलं. मला रडू फुटलं होतं आणि रागही आला होता, ह्यांचा, तिचा, त्या मेल्या टोपीचा. "तुम्हाला फासावर जायला लिहून देऊ?"

"माझ्यासाठी सरकार होतं," हे म्हणाले. "तिच्यासाठी तू एकटी होतीस."