आठवीच्या वर्गाला दिलेला शब्द

आमच्या मुख्याध्यापकांनी आठवीच्या अख्ख्या वर्गाला फसवलं. सौदा मी केला होता, म्हणून माझा राग अजून गेलेला नाही.

त्यांच्या टेबलासमोर मी हात पुढे केला होता. आई घोडेगावच्या बाजारात शेळ्या विकायची. हातावर हात पडला की शब्द पक्का, एवढंच मला ठाऊक. सरांनी माझ्या तळव्यावर फूटपट्टी टेकवली आणि हात खाली ढकलला.

"लेंड्यांचा वास येतोय. धुऊन ये आधी."

शिपाई हसला. मी हात धुऊन परत आले. तरीही त्यांनी हात दिला नाही.

"सगळे मराठीत पास झाले तर बाई तुमच्याकडेच राहतील. दिला शब्द. पळ आता."

मराठीच्या बाईंना काढून तो तास सर आपल्या मेहुण्याला देणार होते. कारण काय, तर बाईंच्या वर्गात गोंधळ फार. होताच गोंधळ. बाई गोष्ट अर्ध्यावर आणून पुस्तक मिटायच्या आणि आम्हाला भांडायला लावायच्या. एका गोष्टीत मार खाऊन कंटाळलेली सून माहेरी येते. सासरचे न्यायला येतात. तिथं पुस्तक मिटलं. जावं की नाही, यावर वर्ग पेटला.

"लगीच गेली तर भाव पडंल तिचा," मी ओरडले. "थांबावं तिनं."

"कुठं थांबंल गं? तुज्या गोठ्यात?" मागून संगीता. सगळा वर्ग खिदळला.

बाईंनी पुस्तक माझ्या हातात दिलं. "लेखिकेनं काय केलंय ते वाच. पटलं नाही तर उद्या तिच्याशी भांड."

शेळ्या चारताना वाचलं. नाहीच पटलं. पुन्हा वाचलं. छापलेल्या माणसाशीही भांडता येतं हे कळलं, आणि मग मला पुस्तकं पुरेनात. बाई धड्याचं नाटक करायला लावायच्या, तेव्हा एक ओळ वाचताना घाम फुटणारी संगीता सासू झाली की वर्गाला दम भरायची.

चाचणीत सगळे पास झालो. संगीतासुद्धा. पुढच्याच तासाला मेहुणे आले. फळ्यावर उत्तरं लिहिली. "उतरवून घ्या." बाईंना ऑफिसात दाखले लिहायला बसवलं होतं.

मी ऑफिसात गेले. "सर, शब्द दिल्ता तुमी."

"शब्द? शेळीवालीला?" सर बाईंकडे वळले. "हेच शिकवलंत का?"

बाईंनी पुढचा दाखला ओढला.

वर्गात परतले ती बसलेच नाही. वर्षभर मराठीच्या तासाला उभी राहिले. मेहुण्यांनी छडी वापरून पाहिली. मी एकही उत्तर उतरवलं नाही. संगीता उतरवत राहिली. दहावीला मराठीतच नापास झाली. परवा भेटली तर म्हणाली, "पुस्तक बघितलं की आजून तोंड फिरवते बाय."

आता घोडेगावच्या बाजारात माझ्या शब्दावर शेळ्यांचे टेम्पो भरतात. सर संस्थेचे सचिव झालेत. गेल्या महिन्यात घरी आले. शाळेच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुण्या म्हणून या म्हणाले. "शाळेनंच घडवलं तुम्हाला, ताई."

मी चहासुद्धा विचारला नाही. माझी मुलगी त्याच शाळेत आठवीला आहे. मराठीच्या तासाला अजून फळ्यावरची उत्तरं उतरवते.

मी येणार आहे, सर. माईक हातात आला की एवढंच विचारणार आहे. सगळे पास झाले होते, मग बाईंना वर्गातून का उठवलंत? संगीताचं वाचन कुणी मारलं? आणि माझ्या मुलीच्या वर्गात कोण शिकवणार? गावासमोर उत्तर द्या. त्याशिवाय मी स्टेजवरून उतरणार नाही, आणि तुम्हालाही उतरू देणार नाही.