रिठ्याच्या पाण्यातली कुडी

सुनेने आज बांगड्या धुवायला रिठे उकळले. तो आंबूस, उग्र वास घरभर पसरला आणि मी लहानपणीच्या, स्नेहलतागंजातल्या आमच्या घराच्या मोरीपाशी जाऊन पोहोचले.

संस्थानं विलीन होऊन मध्यभारत नवाच झाला होता. वडिलांची दरबारची नोकरी गेली होती, पाठोपाठ आईच्या अंगावरचं सोनंही. तरी दिवाळीआधी दागिने उजळायला शेजारणी तिच्याकडेच येत. रिठ्याचं पाणी तिच्यासारखं कोणाला जमत नसे. परातीत फेस चढला होता आणि आई एकेक दागिना घासून पंच्यावर ठेवत होती.

"वहिनी, कुडी एकच दिसतेय. दुसरी किधर गई?" शेजारच्या काकूंनी हसतच विचारलं.

आईने ओल्या मुठी उघडल्या, उभं राहून पदर झटकून दाखवला. मग पाणी गाळलं. कुडी रिठ्याच्या चोथ्यात अडकली होती.

"अहो, मी तसं थोडंच म्हटलं!" काकू ओशाळल्या.

कितीतरी वर्षं मी त्यांच्यावरच राग धरला. तो सोयीचा होता. पदर झटकताना आई काकूंकडे बघतच नव्हती. काकूंसारखीच मीही तिच्या मुठींकडे बघत होते, आणि ती माझ्याकडे.