बोन आंटी

ज्या गोष्टी बायका एकमेकींच्या कानात बोलतात, त्या गोष्टी आमच्या शेजारच्या काकू भर दुकानात मोठ्याने विचारत. अमेरिकेतल्या आमच्या गावी, वेस्ट विंडसरच्या इंडियन ग्रोसरीत मी तूरडाळ घेत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "काय गं, पाळी थांबली का तुझी?" मी तेव्हा जेमतेम चाळिशीची. पिशवी हातातून पडता पडता राहिली. "लाजतेस काय? माझी याच वयात थांबली. हाडं तपासून घे."

कॉलनीतली मुलं त्यांना 'बोन आंटी' म्हणत. काकूंना ते नाव फार आवडे.

या सगळ्यामागे त्यांची वर्ध्याची आई होती. म्हातारपणी मणके खचून तिची पाठ इतकी वाकली, की समोरच्याचा चेहरा बघायला तिला खाटेवर आडवं व्हावं लागे. काकूंची हाडं ठिसूळ होऊ लागल्याचं स्कॅनमध्ये दिसलं आणि डॉक्टरीणबाईंनी हॉर्मोन्स सुचवले, तेव्हा काका घाबरले. "त्याने कॅन्सर होतो म्हणतात." काकूंनी डॉक्टरीणबाईंना धोका काय, फायदा काय, सगळं खोदून खोदून विचारलं. घरी येऊन म्हणाल्या, "भीती मलाही वाटते हो. पण आईची पाठ मी बघितलीय."

हॉर्मोनचा पॅच, म्हणजे औषधाची छोटी पट्टी, पोटावर चिकटवायचा असे. एकदा तो निघाला आणि काकांच्या बनियनला चिकटलेला सापडला. "चला, तुमची तरी हाडं मजबूत झाली!" म्हणून काकू पुढे कितीतरी दिवस हसत होत्या. सकाळी त्या मला चालायला ओढून नेत. मी धापा टाकत मागे राहिले, की वळून ओरडत, "चल यार, म्हातारी मी आहे की तू?"

काही वर्षांनी त्यांच्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पॅच बंद झाले, हाडांसाठी दुसरं औषध सुरू झालं. गणपतीच्या जेवणात एक बाई बोलून गेल्या, "त्या हॉर्मोन्समुळेच झालं हे." काकूंनी हातातला घास खाली ठेवला. "असेल. नसेलही. डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. पण इतकी वर्षं मी माणसांच्या डोळ्यांत बघून बोलले. ती वर्षं आता कोण परत घेणार?" मग त्यांनी वरण मागितलं. ते वरण पानात तसंच राहिलं, हे शेजारी बसल्यामुळे मलाच दिसलं.

त्या बऱ्या झाल्या. नंतर त्यांच्या लेकीने काका-काकूंना आपल्याकडे सांता क्लाराला नेलं. तिथेच गेल्या वर्षी, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या, हृदय बंद पडून काकू गेल्या.

आता माझी पाळी थांबली आहे. परवा डॉक्टरांनी मलाही हॉर्मोन्सबद्दल विचार करायला सांगितलं. काकूंचं शरीर वेगळं, माझं वेगळं, निर्णय माझा मलाच घ्यायचा आहे. तरी दवाखान्यातून बाहेर पडले आणि गाडीत बसून काकांना फोन लावला.

"काका, डॉक्टरांनी हॉर्मोन्स सुचवलेत."

"असं का? थांब हं, तिला देतो," काका सवयीने म्हणाले.

फोन आम्ही दोघांनीही ठेवला नाही.