‘बरी हाय’ म्हणायचं नाही

खांदा कॉलनीत आमच्या खालच्या मजल्यावर अपघातांचे दावे लढवणारे एक वकील राहतात. दर वाक्याआधी घसा खाकरतात. ते अशिलांना दुःखाचे सोंग शिकवतात, असे मला वाटे.

काल ट्रकच्या धडकेने उजवा हात लुळा पडलेली, करंजा गावची मासळीवाली मावशी आली होती. सुक्या बोंबलांच्या वासाबरोबर त्यांचे बोलणे खिडकीतून वर आले.

“मावशी, कोर्टात ‘कशा आहात’ विचारलं तर ‘बरी हाय’ म्हणायचं नाही. दावा बुडेल.”

“वंगाळ कसं बोलू, दादा? वास्तू तथास्तु म्हनते.”

मग घसा न खाकरताच ते म्हणाले, “मग बोलू नका. उजव्या हातानं पदर खांद्यावर घेऊन दाखवा.”

पदर घ्यायला असा कितीसा वेळ लागतो! बांगड्यांची किणकिण मात्र पुष्कळ वेळ वर येत राहिली.