चाळणीवर उरलेलं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, तो अंथरुणावर पडला तेव्हाही नाही. पत्ते खेळताना नातीची राणी मी पदराखाली लपवते, ते घरभर माहीत आहे. त्या चोरीची मला लाज नाही. ही वेगळी आहे — म्हणून तुम्हाला सांगते, तुमचं तोंड दिसत नाही तोवर.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. वरोऱ्यात एका लहानशा खासगी लॅबमध्ये मी कामाला होते. काम काय? जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरमधल्या सर्किटच्या हिरव्या पट्ट्या कातरायच्या, यंत्रात दळायच्या, चाळायच्या. भुकटी आतल्या खोलीत साहेबांना द्यायची. तिच्यात विषारी काय आणि किती, ते साहेब मोजायचे. पण मोहल्ल्यात मी काय सांगायची? लॅबमध्ये सायंटिस्ट आहे! कोटाच्या खिशाला हळदीचा डाग, पट्ट्यांतल्या काचेच्या धुरळ्यानं मनगटं खाजवून खाजवून लाल — आणि बाई सायंटिस्ट!

शमीमनं ते फोडलं. शेजारीण, ब्लाउज शिवायची. नळावर दहा बायांत म्हणाली, "कायची सायंटिस्ट वं? चक्कीवाली हाय ते. आपण गहू दळून आणतो, ते कचरा दळते." बाया हसल्या. मीही हसले, चांगले दात दाखवून. आणि त्या दिवसापासून तिचं वाईट व्हावं असं नेमानं चिंतत राहिले, दुसरं कोणी नेमानं दिवा लावतं तसं.

तिच्या भिंतीला लागून भंगारवाल्याचं आवार होतं. तिथे असल्याच पट्ट्या जाळून तांबं काढत. धूर तिच्या घरात, राख तिच्या विहिरीत. तिनं अर्जावर अर्ज केले. शेवटी एक अधिकारी आले, आवारातला माल पोत्यात भरला आणि तपासायला आमच्याकडे पाठवला. शिसं जास्त निघालं, तर आवार वस्तीतून हलणार होतं.

पोत्यावरची चिठ्ठी मी वाचली. हे लक्षात ठेवा — वाचली.

आता दळण्यातली एक गोष्ट. पट्टीचं अंग भुगा होऊन चाळणीतून खाली जातं. तिच्यावरच्या जोडकामाचं, सोल्डरचं शिसं मऊ. ते दळता दळत नाही, चपटं होऊन वरच राहतं. नियम असा की वरचं पुन्हा दळायचं, पुन्हा चाळायचं, सगळं खाली जाईपर्यंत. घरी आपण वरचा कोंडा टाकून देतो. इथे कोंड्यातच सगळं. नव्या बाया चुकायच्या. त्यांच्यावर ओरडायची कोण? मीच.

कंटाळा आला होता, असं मी स्वतःला किती वर्षं सांगितलं! उकाडा होता, यंत्र तापलं होतं. पण तापलेलं यंत्र थंड व्हायला किती वेळ लागतो? एक चहा.

मी चहा प्यायले. मग चाळणीवरचे ते चकचकीत चपटे दाणे कागदात बांधले, कोटाच्या खिशात टाकले आणि खालची भुकटी साहेबांना दिली. घरी जाताना पुडी भंगारवाल्याच्या भिंतीवरून आत फेकली. जिथली तिथे. हसूही आलं मला — खोटं कशाला बोलू?

तपासणीचा कागद आला. शिसं मर्यादेत. भंगारवाला शमीमच्या दारासमोर उभा राहून बिडीचा धूर सोडायला लागला, आणि लोक तिला खोटारडी म्हणायला लागले. ती माझ्या दारात आली. पहिल्यांदाच टोमणा न मारता.

"कुसुमबाई, तू तर तिथी असते. नीट दळलं होतं ना वं सारं? माह्या पोरी त्याच विहिरीचं पाणी पेतेत."

मी म्हटलं, "मले काऊन विचारते? मी तं चक्कीवाली. सायंटिस्टले विचार."

ती गेली. दोन महिन्यांत घर बंद करून सगळे मुलचेऱ्याकडे निघून गेले. तिची धाकटी सारखी पोट धरून बसायची. त्या पाण्यानंच का? मला माहीत नाही. कळायचा एक रस्ता होता, तो मी खिशात घालून आणला होता.

शमीम मला आजही आवडत नाही. तिची जीभ आठवली की अजून अंग जळतं. पण धुराबद्दल ती खरं बोलत होती. माझ्याबद्दल मात्र चुकली. चक्कीवाली दुसऱ्याचं दळण पुरतं दळून देते.