यादीत न दिसलेले त्रेसष्ट

अंधेरी पूर्वेच्या ज्या विमा कंपनीत मी सव्वीस वर्षं काढली, तिथे मला काम शिकवलं ते एकाच माणसानं. ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणायचे. मी लागले तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती, तरी काकाच. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः राहायला वाकोल्याला. मेनफ्रेमच्या खोलीत एसी इतका असायचा की मे महिन्यातही आम्ही दोघं स्वेटर घालून बसायचो. डब्यातले घावणे माझ्यापुढे सरकवत ते शिकवायचे, "ह्यो बघ गो बाय, हा डेटासेट. ह्यात वारसदारांची नावं. माणूस गेला की ह्याच नावावर पैसे जातात. ह्याला हात लावताना दोनदा बघायचं."

डेटासेट म्हणजे मेनफ्रेमवरची, त्या जुन्या, दणकट संगणकावरची फाइल. त्यांची नावं लांबलचक, मधेमधे टिंबं दिलेली, नवख्याला काहीच कळू नये अशी. काकांना ती सगळी तोंडपाठ होती.

गेल्या वर्षी कंपनीनं मेनफ्रेम बंद करायचं ठरवलं. सगळी माहिती क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या संगणकांवर जाणार होती. कुठले डेटासेट न्यायचे याची यादी काकांनी बनवायची आणि ते तिकडे चढवायचे. मी क्लाउडवर कमांड देऊन काय काय पोचलं ते तपासायचं. काकांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. माझी सात वर्षं बाकी होती आणि मला ती पुरी करायची होती. क्लाउडचा कोर्स मी पन्नाशीत, पोरांच्या बरोबरीनं बसून केला होता. जे शिकणार नाहीत त्यांचं काय होणार, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या सकाळी मी स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत कमांड लिहिली, एंटर दाबलं आणि नावं एकाखाली एक उतरायला लागली. मोजली. शंभर. यायला हवे होते एकशे त्रेसष्ट. पुन्हा कमांड दिली, पुन्हा शंभर. वारसदारांचा एकही डेटासेट त्यात नव्हता.

काका माझ्या बाजूच्याच खुर्चीत बसलेले होते. मी त्यांना काही बोलले नाही. अकराला मीटिंग होती, आमचा मॅनेजर दोनदा 'स्टेटस काय?' म्हणून विचारून गेला होता. मी सरळ त्याला मेल लिहिली: त्रेसष्ट डेटासेट पोचलेले नाहीत, यादी आणि चढवण्याचं काम काकांचं होतं. सगळं खरं वाटेल असं, नीट मुद्देसूद लिहिलं. पाठवून दिलं.

मीटिंगमध्ये मॅनेजरनं स्क्रीनवर माझी यादी लावली. वयानं काकांच्या मुलासारखा, कंपनीत येऊन वर्ष झालेलं.

"काका, हे काय आहे यार? क्लायमची माहितीच नाही. वाट लागली ना आपली!"

काका उभे राहिले. "मी सगळे चढवलेत, साहेब. एकेक बघून."

"मग दिसत का नाहीत? मॅडमनी दोनदा चेक केलंय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत काहीतरी लिहिण्याचं नाटक केलं.

मॅनेजर म्हणाला, "तुमची रजा शिल्लक आहे ना बरीच? घ्या आता. आराम करा. बाकीचं आम्ही बघतो." दुपारी काकांनी डबा, स्वेटर आणि चष्म्याचं घर पिशवीत भरलं आणि गेले. मी कॅन्टीनमध्ये जाऊन बसले होते.

चार दिवसांनी मी नवीन मुलींसाठी सूचना लिहीत होते. आपण दिलेली कमांड जशीच्या तशी उतरवायची म्हणून शब्दन् शब्द वाचायला लागले आणि हात थांबला. कमांडच्या शेवटी 'जास्तीत जास्त शंभर' अशी मर्यादा होती. सुरुवातीला सराव करताना स्क्रीन भरून वाहू नये म्हणून ती मीच घातली होती आणि काढायची विसरले होते. यादीच्या तळाशी 'अजून बाकी आहेत' अशी खूणही दर वेळी येत होती. मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं. बरोब्बर शंभर, इतका गोल आकडा बघूनही मला शंका आली नव्हती.

मर्यादा काढून कमांड दिली. एकशे त्रेसष्ट. एकही कमी नाही.

मॅनेजरला सांगितलं तर तो खूश झाला. "झकास! डेटा आहे ना? मग संपलं."

"काकांचं काय?"

"मॅडम, ते तसेही जाणारच होते. आता कशाला उकरून काढता?"

मी जागेवर आले आणि सगळ्यांना मेल लिहिली की चूक माझी होती, काकांचं काम चोख होतं. ती लिहायला पहिल्या मेलच्या तिप्पट वेळ लागला. मग रिक्षा करून वाकोल्याला गेले.

दार काकूंनी उघडलं. 'ये' म्हणाल्या, हसल्या नाहीत. काका खिडकीशी पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी पेपर मांडीवर ठेवला.

"वारसदारांचे आलेत?"

"हो. सगळे."

"नावांची अक्षरं फुटून भलतीच झाली नाहीत ना?"

"नाही, काका."

त्यांनी मान हलवली. पेपरची घडी घातली. "त्या दिवशी मला एकदा विचारायचंस गो. काका, शंभरच का दिसतात? एवढंच. बाजूलाच बसलो होतो मी."

"घाबरले होते."

"कोणाक? माका?"

काकूंनी आणलेला चहा माझ्या हातात तसाच निवत होता.

"कामातली चूक कोणाचीही होते," ते म्हणाले. "पण मीटिंगमध्ये तू खाली बघत होतीस."

ऑफिसनं त्यांना परत बोलावलं. ते आले नाहीत, रजा पुरी करतो म्हणाले. निवृत्तीच्या दिवशी आम्ही केक आणला, शाल आणली, मी भाषणही लिहून ठेवलं. चार वाजता खाली फोन केला तर सिक्युरिटीवाला म्हणाला, "काका सकाळीच येऊन गेले मॅडम. कार्ड गेटवर जमा केलं. वर जा म्हटलं मी त्यांना, तर नको म्हणाले."