बाराव्या भागासाठी

माणसं देवासाठी दारोदार फिरतात, देशासाठी फिरतात, निवडणूक आली की पक्षासाठी फिरतात. पण एका व्हिडिओ गेमला नवे खेळाडू मिळावेत म्हणून घरचं खाऊन फिरणारा माणूस माझ्या साडूशिवाय आजवर झाला नाही आणि पुढे होईल असं वाटत नाही. साडू बोरिवलीला राहतो, विम्याच्या कचेरीत नोकरी करतो, पन्नाशी ओलांडून बसला आहे. केस गेलेत आणि गुडघे जायच्या वाटेवर आहेत. गेम बनवणारी कंपनी कुठेतरी साता समुद्रापार आहे आणि आपला असा एक बिनपगारी प्रचारक बोरिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर बसला आहे याचा तिला पत्ताही नाही. गेमचं नाव इंग्रजी आणि लांबलचक. आमच्या सासरच्या गोतावळ्यात त्याला नुसतं 'वारस' म्हणतात, कारण त्यात एका बुडालेल्या राज्याचा वारस होडी घेऊन आपला हरवलेला किनारा शोधत हिंडत असतो. पंचवीस-एक वर्षं झाली, बिचारा हिंडतोच आहे. अकरा भाग निघाले तरी किनारा सापडलेला नाही. माझा साडू पहिल्या भागापासून त्याच्याबरोबर आहे, आणि माझ्या मेव्हणीच्या म्हणण्याप्रमाणे लग्नाच्या आल्बममध्येसुद्धा त्याचं लक्ष फोटोग्राफरकडे नसून त्या होडीकडेच आहे.

गेममधल्या मंडळींबद्दल तो सख्ख्या नातेवाइकांसारखं बोलतो. एकदा सकाळी लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी त्याचा उतरलेला चेहरा पाहून काय झालं म्हणून विचारलं. "आमचे वैद्यबुवा गेले," साडू म्हणाला. वैद्यबुवा म्हणजे आठव्या भागातला जडीबुटीवाला म्हातारा. काकूंना हे कसं कळावं? सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून दुपारी त्या पिठलं-भाताचा डबा घेऊन दारात हजर. माझ्या मेव्हणीने तो मुकाट्याने घेतला, कारण खरं सांगायचं तर काय सांगायचं हा प्रश्नच होता. पिठलं फार सुंदर झालं होतं म्हणे. खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात, कुणी गाडी पुजतं, कुणी शिवणयंत्र. हा गेमचे दोन्ही रिमोट पाटावर मांडतो, त्यांना हळदकुंकू लावतो, झेंडूचं फूल वाहतो आणि त्या दिवशी एकही लढाई खेळत नाही. "आज त्यांना आराम," असं म्हणून स्वतः मात्र दिवसभर अस्वस्थ फेऱ्या मारतो.

असा हा सुखी माणूस गेल्या वर्षी एकदम खचला. मी कचेरीत असताना त्याचा फोन आला. "वाट लागली यार," तो म्हणाला. मला वाटलं, बीपी वाढलं. बीपी नव्हतं. कंपनीने जाहीर केलं होतं की जुने खेळाडू कमी होत चाललेत आणि नवे येत नाहीत; असंच चाललं तर बारावा भाग काढणं परवडणार नाही. "अरे, आम्ही उरलो किती? आणि जे उरलोय ते सगळे माझ्यासारखे, कुणाचा गुडघा, कुणाची पाठ. आम्ही गेलो की संपलं! तो पोरगा समुद्रात राहायचा ना कायमचा!" हा पोरगा म्हणजे वारस. त्या आवाजात इतकं खरं दुःख होतं की मी चेष्टा करायची विसरलो, आणि तसं माझ्या हातून क्वचित होतं.

त्याच संध्याकाळी त्याने नवे खेळाडू मिळवण्याचा विडा उचलला. पण त्याचा नियम एकच आणि तो मोडायचा नाही: सुरुवात पहिल्या भागापासूनच करायची. अकराव्या भागातला समुद्र इतका झकास की पायाला पाणी लागेल असं वाटतं. पहिल्या भागातला वारस मात्र चार चौकोन एकावर एक ठेवल्यासारखा, आणि सुरुवातीलाच एका काळ्याकुट्ट गुहेत अडकलेला. त्या गुहेतून बाहेर पडायला चांगल्या माणसाला दोन रविवार लागतात. या एका भागासाठी साडूने जुना डबा टीव्ही आणि जुनं यंत्र जिवापाड सांभाळलं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगचं भांडण घेऊन आले, त्यांना त्याने गुहेत बसवलं. त्यांनी पार्किंगचा विषय त्यानंतर पुन्हा काढला नाही. मला बसवलं, मी झोपलो. अंधेरीला एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांना त्याने मागची सगळी गोष्ट सांगायला घेतली. मठ्ठा येईपर्यंत चौथा भाग चालू होता, आणि गृहस्थ जिलबी न घेताच उठले. जिलबी सोडून उठणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला. माझी बायको एकदा म्हणाली, "भाऊजी, तो अकरावा दिसायला किती छान आहे! तोच खेळते ना मी."

"मग तिसऱ्या भागात त्याचा बाप का गेला, ते तुला कसं कळणार?"

"नाही कळलं तर?"

"नाही कळलं तर म्हणजे?" साडूने विचारलं. त्याला खरोखरच प्रश्न समजला नव्हता. गेमवर इतकं प्रेम करणारा माणूस स्वतःच त्याच्या दारात आडवा पडला होता, आणि ते त्याच्याखेरीज सगळ्यांना दिसत होतं. मेहनत एवढी करूनही गणपती आले तरी एक नवा खेळाडू हाती लागला नव्हता. तो जेवायचा कमी झाला. मेव्हणी काळजीने मला म्हणाली, "तू तरी खेळ रे, झोपू नकोस." पण गुहा म्हटली की माझे डोळे मिटतातच.

त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो आणि त्यासाठी आमच्या सासूबाई वेंगुर्ल्याहून येतात. त्यांचं माहेर खाडीकाठचं. लहानपणी त्या होडीतून शाळेत जात. त्या संध्याकाळी आरती झाली, मोदक वाटले गेले, घर माणसांनी भरलेलं. मोठ्या टीव्हीवर अकरावा भाग तसाच थांबवून ठेवलेला होता. सासूबाई समोरच्या खुर्चीत बसल्या, पडद्यावरच्या होडीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वल्हा असा धरतत? ह्येका कोणी शिकवल्यान?" आणि त्यांनी सरळ रिमोट उचलला.

साडू धावला. "आई, थांबा! हा अकरावा आहे. आधी पहिला..."

सासूबाईंनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं, "जावयबापू, तुमका आरती पुरी येता?"

साडूने मूर्तीकडे पाहिलं.

"मधल्या वळी इल्यो की नुसते व्हट हलवतास. शेवट इलो की मोठ्यान बोंब मारतास. गणपतीन कधी तुमका म्हटल्यान, आधी पाठ करून ये आणि मगे टाळी वाजव?"

घर हसून फुटायचं तेवढं राहिलं, कारण ती गत साडूचीच नव्हे, आम्हा सगळ्यांचीच होती. सासूबाईंनी होडी सोडली. लढाईबिढाई त्यांनी काही केली नाही. एक समुद्री चाचा तलवार घेऊन आडवा आला, त्याला वळसा घालून त्या पुढे गेल्या आणि बंदरावर मासे विकायला बसल्या. गेममध्ये असं करता येतं हे साडूलाही ठाऊक नव्हतं! मग माझी बायको पुढे सरकली, मग मेव्हणी, मग पिठलं-भातवाल्या काकू. मोदकाच्या तुपाने रिमोट निसरडा झाला. एरवी चष्म्याच्या फडक्याने तो पुसणारा साडू भिंतीला टेकून नुसता उभा होता. समजावून सांगायला त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. थोड्या वेळाने काकूंनीच मागे वळून विचारलं, "अहो, हा म्हातारा त्याला बघून का रडतो?" साडूने उत्तर दिलं, आणि काय आश्चर्य, एका वाक्यात दिलं! काकू म्हणाल्या, "अगं बाई! मग त्याआधी काय झालं होतं?"

डबा टीव्ही त्याच आठवड्यात माळ्यावर गेला. आता दर रविवारी दुपारी साडूच्या घरी दार उघडं असतं आणि कुणी कुठूनही शिरावं. सेक्रेटरी सपत्नीक येतात. कुणी नुसतं घोड्यावरून हिंडतं, कुणी वारसाचे कपडे बदलत बसतं. तिसऱ्या भागात बाप का गेला हे ज्याला विचारावंसं वाटतं तो विचारतो. कंपनीलाही साडूने कळवलं की नव्या माणसाला मागचं विचारू नका, आत घ्या, पाणी द्या, बसू द्या. कंपनीचं आभाराचं ठरावीक उत्तर आलं, ते त्याने मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. बाराव्या भागाबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

गेल्या रविवारी मी मुद्दाम मुलुंडहून गेलो होतो, कारण त्या दिवशी सगळे मिळून अकरावा भाग संपवणार होते. संपला. टाळ्या झाल्या, माझ्या मेव्हणीने डोळे पुसले, आणि मग सगळ्यांनी एकदमच साडूकडे वळून विचारलं, "पुढे काय?" तो उठून बाल्कनीत गेला. मी मागोमाग गेलो.

"अकराच्या अकरा भाग मी आधी एकट्याने संपवले रे," तो म्हणाला. "संपला की टीव्ही बंद करायचो आणि तोंड धुवायचो. कुणाला काय सांगणार? आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, पुढे काय."

मला त्याची फार माया आली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता बारावा नाही आला तरी चालेल," तो म्हणाला.

मी मान डोलावली. आतून हसण्याचा आवाज येत होता. कुणीतरी पुन्हा पहिल्या बंदरापासून सुरुवात केली होती.

"पण यायला पाहिजे यार," साडू म्हणाला. "आत सगळे वाट बघतायत."